जुन्या घरातील लाकूड कसे ओळखावे

जुन्या घरातील लाकूड ओळखताना वरवरच्या रूपावर विसंबू नये, कारण 19व्या शतकात स्वस्त पाइनच्या लाकडावर रंगाने महागड्या ओकसारख्या रेषा काढण्याची पद्धत चांगलीच रूढ होती. म्हणून दाराच्या वरच्या कडेसारखा, पॉलिश न पोहोचलेला भाग आधी पाहावा. नख दाबल्यावर वळ उमटला आणि गाठींभोवती राळ दिसली, तर ते बहुधा पाइन असते. ओकमध्ये टॅनिन (लोखंडाशी मिळून काळे पडणारे तुरट द्रव्य) असल्याने ओल लागलेल्या लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो, आणि ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. सागाचा स्पर्श तेलकट असतो. महोगनी तांबूस आणि अक्रोड गडद तपकिरी असले, तरी अक्रोडाचा रंग उन्हाने फिकट होतो. तपासणीसाठी जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते.