स्थलांतरावरचा माहितीपट वस्तीत कसा दाखवावा, आणि नंतर लोकांना बोलतं कसं करावं

नागपुरात या विषयासाठी प्रेक्षक शोधत फिरावं लागत नाही. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भातल्या गावांतून, छत्तीसगडातून माणसं इथे कामाला येऊ लागली. कामठी आणि मोमिनपुऱ्यातल्या विणकर घराण्यांचे पूर्वज उत्तरेतून आले. फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी कुटुंबं वसली, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकरीमागे आलेले बंगाली धंतोलीत राहिले. आज इथलीच मुलं पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत आहेत. तरीही स्थलांतरावरचे बहुतेक कार्यक्रम दीपप्रज्वलन, सिनेमा, प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि आभार एवढ्यावर आटोपतात. ज्यांच्याबद्दल कार्यक्रम होता ते लोक मागे सतरंजीवर बसून मुकाट्याने घरी जातात. हे टाळण्यासाठी काय करायचं, ते सांगतो.

वस्ती आणि दिवस

एका वेळी एकच वस्ती घ्या. वीटभट्टीवरची कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर धानासाठी गावी परततात, त्यामुळे जुलैत तिथे पडदा लावण्यात अर्थ नाही. ठिय्यावरच्या (रोजंदारीचं काम मिळवायला सकाळी उभं राहतात त्या नाक्यावरच्या) मजुरांना आणि रेजांना, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायकांना, हप्त्याचा पगार कधी होतो ते आधी विचारा. त्या संध्याकाळी सगळे बाजारात असतात. उघड्यावर दाखवायचं तर डिसेंबर-जानेवारी सर्वांत सोयीचे. तेव्हा सहाच्या सुमारास अंधार पडतो, साडेसहाला सिनेमा सुरू करता येतो आणि बोलायला वेळ उरतो. मे महिन्यात सात वाजून गेले तरी पडदा फिका दिसतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, हे लक्षात ठेवूनच वेळ ठरवा.

सिनेमा

वीस ते चाळीस मिनिटांचा पुरे. उपशीर्षकांवर भिस्त ठेवू नका, कारण पडद्यावरची अक्षरं झरझर वाचता येणारे प्रेक्षक वस्तीत थोडे असतात. संवाद कमी असलेली फिल्म निवडा किंवा कुणाला तरी शेजारी उभं राहून सांगायला लावा.

माझं ठाम मत आहे की लोकांना त्यांच्याच दुःखावरची फिल्म दाखवू नये. वीटभट्टीवर वीटभट्टीची फिल्म लावली की माणसं अवघडतात. आपली गरिबी शेजाऱ्यांसमोर पडद्यावर बघणं कुणालाच आवडत नाही. तिथे समुद्रावरच्या कोळ्यांची दाखवा, जरीपटक्यात ऊसतोड कामगारांची दाखवा. दुसऱ्याचा प्रवास बघताना माणूस आपोआप स्वतःच्या प्रवासावर येतो.

फिल्म यूट्यूबवर आहे म्हणजे दाखवायची परवानगी मिळाली, असं होत नाही. दिग्दर्शकाला पत्र लिहा, लेखी होकार घ्या, जाहीर प्रदर्शनासाठी लागणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का तेही विचारा. पैसे नसतील तर तसं स्पष्ट सांगा, बरेच जण फुकट देतात. प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि दोन स्पीकर भाड्याने मिळतात.

नकाशा

सिनेमाच्या आधी तासभर, एका मोठ्या टेबलावर हाताने काढलेला नकाशा पसरा. त्यावर राज्यांच्या सीमा काढू नका, रेल्वेचे मार्ग आणि स्टेशनं काढा. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपुरात भेटतात, आणि इथे आलेल्या माणसाला जिल्ह्यापेक्षा स्टेशन आधी आठवतं. राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा ठळक अक्षरांत लिहा. प्रत्येकाने आपल्या गावापासून नागपूरपर्यंत सुतळी लावायची. लिहिता न येणाऱ्यालाही हे जमतं, आणि नकाशावर बोट ठेवलं की बोलणं सुरू होतं.

सिनेमा संपल्यावर

सगळे कार्यक्रम इथेच फसतात. दिवे लागतात, सूत्रसंचालक माईक पुढे करून ‘तुम्हाला काय वाटलं?’ विचारतो, कुणी बोलत नाही. मग घाबरून तो माईक ओळखीच्या माणसाकडे देतो, आणि प्राध्यापक, नगरसेवक किंवा संस्थेचा कार्यकर्ता वीस मिनिटं बोलतो. त्यानंतर वस्तीतलं कुणीही तोंड उघडणार नाही.

म्हणून माईक बंद करा. पाहुणे बोलवायचेच असतील तर श्रोते म्हणून बोलवा, आणि हे त्यांना आमंत्रण देतानाच सांगा. चहा वाटा. त्या दहा मिनिटांत काहीही घडवायचा प्रयत्न करू नका. शांतता राहिली तर राहू द्या. मग सहा-आठ जणांचे गोल करा. प्रत्येक गोलात त्या लोकांची भाषा बोलणारं कुणीतरी हवंच: छत्तीसगढी, सिंधी, उर्दू, बांगला, जी असेल ती. त्याच समाजातली कॉलेजातली मुलं हे काम सर्वांत चांगलं करतात. नातवाने विचारलेल्या प्रश्नाला आजोबा जे उत्तर देतात, ते तुम्हाआम्हाला कधीच देणार नाहीत.

प्रश्न भावनेचे नकोत. ‘गाव सोडताना काय वाटलं?’ या प्रश्नावर माणूस एक तर गप्प होतो, नाही तर ऐकणाऱ्याला आवडेल ते बोलतो. तुमच्या घरातून नागपुरात सगळ्यात आधी कोण आलं? कोणत्या गाडीने? स्टेशनवर घ्यायला कोण होतं? पहिली रात्र कुठे काढली? पहिल्या खोलीचं भाडं किती होतं? असं विचारा. यांची उत्तरं देताना कुणाची लाज जात नाही. ज्याला खोलात जायचं असेल तो यातूनच जातो. तिसऱ्या पिढीतल्या पोराला ‘तू मूळचा कुठला?’ विचारू नका, तो नागपूरकर आहे. घरात मोठ्यांकडून काय ऐकलंस, ते विचारा. ज्यांची मुलं परदेशात आहेत ते आईवडील सुरुवातीला कौतुकच सांगतात. त्यांना एवढंच विचारा की रात्री दुखायला लागलं तर पहिला फोन कुणाला जातो.

बायकांचा गोल वेगळा करा आणि तो बाईनेच चालवावा. मिसळून बसलं की बायकोच्या प्रश्नाचं उत्तर नवरा देतो. ‘आमचा या विषयाशी काय संबंध?’ म्हणणाऱ्या घरातही लग्न करून दुसऱ्या गावाहून आलेली बाई असतेच. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या स्थलांतरित स्त्रियांचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच आहे. तिलाही आपलं स्टेशन सांगू द्या.

काही गोष्टी चारचौघांत कधीच विचारायच्या नाहीत. फाळणीत घरातल्या कुणाचं काय झालं, हे विचारू नका. सांगायचं असेल तर तो माणूस सांगेल. कागदपत्रांबद्दल विचारू नका. मजुरी आणि उचल यांबद्दल तर मुळीच नाही, कारण गर्दीत मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस हमखास असतो. एक वाक्य बोलल्याने मजुराचं पुढच्या हंगामाचं काम जातं, आणि तुमचा कार्यक्रम मात्र छान झालेला असतो. हा धोका पत्करायचा अधिकार आयोजकाला नाही.

२०२० च्या टाळेबंदीचा विषय निघणारच. हैदराबादकडून चालत आलेले मजूर नागपुरावरून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, छत्तीसगडकडे गेले, आणि पांजरी टोल नाक्यावर कितीतरी नागपूरकरांनी त्यांना जेवण दिलं, पुढे जायला गाड्या मिळवून दिल्या. ते काम मोठंच होतं. पण जेवण वाढणारे बोलू लागले की चालणारे गप्प होतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वाढणाऱ्यांना नम्रपणे थांबवा, आधी चाललेल्यांना बोलू द्या.

कुणाला रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद, फोटो बंद. शेजारच्याने पाणी द्यावं, बाकीच्यांनी बसून राहावं. दुसऱ्याच्या पाळीसाठी घाई करू नका. पाऊण तासाने, बोलणं रंगलेलं असलं तरी, थांबा. सकाळी सातला ठिय्यावर उभं राहायचं असतं.

ध्वनिमुद्रण

विचारूनच करा, आणि ‘नंतर वाटलं तर पुसून टाकू’ हेही सांगा. चेहरे सोशल मीडियावर टाकू नका. मुद्रण पंधरा दिवसांच्या आत त्या घरी फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर पोचलं पाहिजे. तेवढी माणसं हाताशी नसतील तर रेकॉर्डर घरीच ठेवा आणि नुसतं ऐका. वीटभट्टीवरच्यांचं मुद्रण मात्र भट्टी बंद होण्याआधी द्या, कारण पुढच्या वर्षी तेच कुटुंब त्याच भट्टीवर येईल याची खात्री नसते.