जळजळ, लेबल आणि खाण्याचा सोडा

छातीत जळजळ सुरू झाली की हल्ली पहिला संशय ‘केमिकल’वर जातो. भाज्यांवरची फवारणी, फळं पिकवायची पावडर, बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह. मी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले आणि मला स्वतःला अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास आहे, त्यामुळे नातेवाईक लेबलांचे फोटो पाठवून विचारतात, ‘यातलं कुठलं बाधतं?’ बहुतेक वेळा मी उलट विचारते: जेवलात किती वाजता, आडवे कधी झालात, आणि पाठदुखीची गोळी अजून चालू आहे का?

आधी एक गोष्ट पक्की करा. आम्ल पोटात असणं हा आजार नाही. जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. विल्यम प्राउटने ते 1824 मध्ये ओळखलं. रिकाम्या पोटी त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, दीड-दोनच्या आसपास असतो; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. जठराला आतून श्लेष्माचं अस्तर असतं, म्हणून ते टिकतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. दोन्हींच्या मधली झडप सैल पडली की आम्ल वर चढतं आणि जळतं. म्हणजे पहिला प्रश्न असा, की झडप कशाने सैल पडली? भरपेट जेवण, तेल-तूप-लोणी, चॉकलेट, पेपरमिंट, दारू, सिगारेट, पोटावरचं वजन, कमरेला घट्ट पट्टा. या यादीत प्रिझर्व्हेटिव्ह कुठेच नाही.

शोध असा घ्या. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि चार रकाने आखा: काय खाल्लं, किती वाजता, कुठली औषधं घेतली, जळजळ कधी झाली. निदान दोन आठवडे लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा आठवडाभर बघा. माणसं कॉफी, टोमॅटो, मिरची, ब्रेड सगळं एकाच सोमवारी बंद करतात, बरं वाटतं, आणि मग जन्मभर चारही गोष्टींना घाबरतात. प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर आम्ही वही परत केली असती.

औषधांचा रकाना गाळू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही दुखण्यावरची औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं बनणं रोखतात, आणि जठराचं अस्तर याच प्रोस्टाग्लँडिनवर उभं असतं. घरात पोटाला खरोखर इजा करणारं रसायन शोधायचं असेल तर भाजीच्या टोपलीआधी औषधांचा डबा उघडा. मात्र हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. डॉक्टरांना विचारा, ते तिच्या जोडीला पोटाचं औषध देतात. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकसारख्या काही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकल्या तर तिथेच भाजतात. त्या पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास तरी आडवं पडू नका.

आता लेबल. घटकांच्या यादीतले आकडे घाबरवण्यासाठी नसतात, नावं लांबलचक असतात म्हणून असतात. 330 म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, 338 फॉस्फोरिक, 260 अ‍ॅसेटिक, 296 मॅलिक. 211 म्हणजे सोडियम बेन्झोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह, ज्याच्यावर सगळ्यांचा राग. गंमत अशी, की बेन्झोएट आंबट माध्यमातच काम करतं; पीएच साधारण साडेचारच्या वर गेला की ते जवळजवळ निरुपयोगी. म्हणून ज्या पेयावर 211 लिहिलेलं असतं त्यावर 330 किंवा 338 सहसा सापडतोच. बदनाम 211 होतो, झोंबतो त्याचा शेजारी. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. पोटातल्या आम्लापेक्षा तो सौम्य, पण आधीच लाल झालेल्या अन्ननलिकेवरून उतरताना पुरेसा तिखट. शिवाय त्यातला वायू पोट फुगवतो, ढेकर आणतो, आणि ढेकरेबरोबर झडप उघडते.

म्हणून लेबल वाचताना आंबटपणाचे आकडे, स्निग्धांश आणि कॅफीन एवढं आधी बघा. 220 ते 228 हे सल्फाइट. सुकवलेल्या जर्दाळूचा चकचकीत केशरी रंग त्यांच्यामुळे टिकतो. दमा असलेल्यांनी ते टाळलेलं बरं, काहींना त्याने धाप लागते. तो वेगळा त्रास. आणि 500 दिसला तर हसा, तो खाण्याचा सोडा.

फळं-भाज्या धुण्याबद्दल मात्र मी बारकाईने सांगते, कारण इथे फार गोंधळ आहे. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं हे पहिलं आणि बऱ्याचदा पुरेसं काम. बटाटा, गाजर, काकडी यांना ब्रश लावा. पानं सुटी करून धुवा. साबण, डिटर्जंट, ब्लीच नको. फळांची साल सच्छिद्र असते, साबण आत शिरतो आणि पोटात जातो, आणि मग खरंच केमिकलचा त्रास होतो. याहून जास्त हवं असेल तर एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे, खाण्याचा सोडा विरघळवा, 12 ते 15 मिनिटं भिजवा आणि साध्या पाण्याने धुवा. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर हेच मोजलं. पृष्ठभागावरचं फॉस्मेट हे कीटकनाशक 15 मिनिटांत सुमारे 96 टक्के गेलं, थायबेंडाझोल हे बुरशीनाशक 12 मिनिटांत सुमारे 80 टक्के. पण जे सालीच्या आत मुरलं होतं ते सोड्याने निघालं नाही. त्याला सोलणं हाच उपाय, आणि सोललं की सालीतला चोथाही गेला. मी स्वतः सफरचंद सालीसकट खाते, धुऊन.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून धुणारेही पुष्कळ. फेस छान येतो. पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. एक काहीतरी वापरा.

तरीही स्पष्ट सांगते: धुतलेल्या फळावर उरलेल्या कणभर अवशेषाने रात्री छातीत जळतं, असं मी मानत नाही. धुवायचं ते रोजच्या आयुष्यात जाणारी मात्रा कमी करायला आणि त्याहून जास्त माती-जंतू घालवायला. कीटकनाशकाची खरी विषबाधा वेगळी दिसते: लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. तिथे घरगुती उपाय करायचे नाहीत, सरळ रुग्णालय. सफरचंदावरच्या मेणाची भीती बाळगू नका, ते न पचता बाहेर पडतं. फळ पिकवण्यात इथिलीन वायू निर्धास्त, फळं तो स्वतःही सोडतात. कॅल्शियम कार्बाइड वाईट, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असू शकते. अनेक देशांत त्यावर बंदी आहे.

आता तोच सोडा प्यायचा का? रसायन सोपं आहे: सोडा अधिक आम्ल म्हणजे मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. आराम झटपट मिळतो, पण हिशेब बघा. अर्ध्या चमच्यात 600 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2000 च्या आत राहायला सांगते. आणि पुरेसं आम्ल असलं तर तेवढ्या सोड्यातून अर्धा लिटरहून जास्त वायू सुटू शकतो. तुडुंब जेवणावर सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे भरल्या पोटी नाही. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, गरोदरपण असेल तर अजिबात नाही. रोजचा उपाय म्हणून कुणीच नाही.

त्यापेक्षा दुकानातली अँटासिडची गोळी बरी. कॅल्शियम कार्बोनेट वजनाला वजन धरलं तर सोड्याच्या दीडपटीहून जास्त आम्ल मारतं आणि त्यात सोडियम नसतं. गोळी नीट चावा. तुकडे तसेच गिळले तर विरघळायला वेळ लागतो. कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमने शौचाला घट्ट होतं, मॅग्नेशियमने पातळ, म्हणून कंपन्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची जोडी लावतात. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिकं यांच्यापासून अँटासिड निदान दोन तास लांब ठेवा, थायरॉइडच्या गोळीपासून चार. दूध प्यायल्यावर क्षणभर थंड वाटतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं पुढे आम्ल वाढवतात.

ओमेप्राझोलच्या घराण्यातल्या गोळ्या बहुतेक लोक चुकीच्या वेळी घेतात. ही औषधं आम्ल सोडणारे पंप बंद करतात, पण त्या वेळी चालू असलेलेच. पंप जेवणाने चालू होतात. म्हणून गोळी नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी, आणि नंतर नाश्ता करायचाच. पहिल्याच दिवशी फरक पडला नाही म्हणून दोन घेऊ नका. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. बरेच महिने घेऊन एकदम थांबवली तर आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं आजार परतला. कमी करत आणायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियम तपासून घ्या.

झोपेचं थोडक्यात: जेवण आणि अंथरूण यांत तीन तास, डावी कूस, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरचे ठोकळे. जास्तीच्या उशा नकोत, त्यांनी मान उचलते आणि पोट दुमडतं.

काळी डांबरासारखी शौच, उलटीत रक्त, गिळताना अडकणं, आपोआप वजन घटणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यात कागद भरत बसू नका. छातीतला दाब हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम येत असेल, तर ती अ‍ॅसिडिटी आहे असं धरून अँटासिड घेऊन थांबायचं नाही, लगेच रुग्णवाहिका.

त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना हेलिकोबॅक्टर पायलोरीबद्दल विचारा. हा जंतू अल्सर करतो. बॅरी मार्शलने 1984 मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरनसह त्याला नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर ओमेप्राझोलसारखी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही तपासणी ‘नाही’ म्हणते. तारीख घेतानाच हे विचारून घ्या, आणि जाताना फ्रिजवरचा कागद व घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.