जुनी डिझेल गाडी घेण्यापूर्वी: माझा अनुभव

2 लाख 10 हजार किलोमीटर धावलेली 2012 सालची डिझेल गाडी घ्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी मी नाशिकच्या थंडीत सकाळी सहालाच मालकाच्या दारात पोहोचलो, कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून ठेवले, तरी ते उडाले नाही आणि धूरही जेमतेम आला. म्हणजे पिस्टन रिंग (सिलिंडरमधला वायू खाली गळू न देणाऱ्या कड्या) बऱ्या स्थितीत असाव्यात. दोष इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा निघाला: प्रत्येक इंजेक्टरमधून जादा डिझेल परत नेणाऱ्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडल्यावर तिसरी बाटली इतरांच्या दुप्पट भरली, म्हणजे तिसरा इंजेक्टर गळत होता. अंबडच्या मिस्त्रींनी तो एकच दुरुस्त केला. क्लचचा खर्च आणि 2027 मध्ये संपणारी 15 वर्षांची नोंदणी, दोन्ही मी किमतीत आधीच धरले होते. कसारा घाट ती आता काळा धूर न सोडता चढते.