त्रैक्य समजावताना या चुका टाळा

पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. तरी देव तीन नाहीत, एकच आहे. त्रैक्याची शिकवण एवढ्या शब्दांत सांगून होते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल विचारते, दारावर आलेला प्रचारक वचने काढून दाखवतो, ख्रिस्ती नसलेला मित्र सहज म्हणतो, "म्हणजे तुमचे तीन देव ना?" आपण घाईने काहीतरी उत्तर देतो. ते उत्तर पुष्कळदा त्रैक्याचे नसतेच. चर्चने सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी तपासून नाकारलेले एखादे मत आपल्या तोंडून बाहेर पडलेले असते.

उदाहरण सोपे, पण कोणाचे मत सांगणारे?

त्रैक्य मानणाऱ्याला तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. देव एकच आहे. पिता, पुत्र आणि आत्मा यांपैकी प्रत्येक जण पूर्ण देव आहे. आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. उदाहरण फसले, की यांतली एक गोष्ट गळालेली असते. कोणती गळाली ते ओळखले, की दुरुस्ती सापडते.

पाणी, बर्फ आणि वाफ हे आपल्याकडचे सर्वांत लाडके उदाहरण. त्यात तिसरी गोष्ट गळते. एकच पाणी वेळेनुसार रूप बदलते, तसा एकच देव कधी पिता, कधी पुत्र होतो, असा त्याचा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेलियसच्या नावाने हेच मत ओळखले जात होते. एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा असतो, हे उदाहरणही त्याच वाटेने जाते. मग गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली ती कोणाला? स्वतःलाच? तीन पाकळ्यांच्या पानाचे उदाहरण दुसरी गोष्ट गाळते, कारण एक पाकळी म्हणजे पानाचा तिसरा हिस्सा. पिता हा देवाचा तिसरा हिस्सा आहे, असे कोणतेच चर्च शिकवत नाही.

तपासणीची एक रीत मला फार उपयोगी वाटते. मार्कच्या पहिल्या अध्यायातल्या यार्देन नदीवरच्या बाप्तिस्म्याला आपले उदाहरण लावून पाहावे. पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, आकाशातून पित्याची वाणी होते आहे, आणि हे सगळे एकाच क्षणी. तिथे जे उदाहरण टिकत नाही ते सोडून द्यावे. संत ऑगस्टीनने माणसाच्या मनातल्या स्मृती, बुद्धी आणि इच्छा यांचा दाखला घेतला. पण तो देवाला पुरा पडत नाही हे त्याने स्वतःच सविस्तर लिहून ठेवले. उदाहरण द्यायचेच असेल, तर ते कुठे कमी पडते हेही त्याच श्वासात सांगावे.

"हे सगळे कॉन्स्टंटाइनने ठरवले"

ही चूक विरोधकही करतात आणि श्रद्धावंतही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची परिषद बोलावली, मतदान घेतले आणि येशूला देव केले, अशी ती कथा. वस्तुस्थिती निराळी आहे. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन त्याच्या शंभरएक वर्षे आधी त्रैक्याविषयी लॅटिनमध्ये लिहीत होता. नायसियात मुख्य वाद पुत्राविषयी होता. पवित्र आत्म्याबद्दल तिथल्या विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत) जेमतेम एक ओळ आहे. आत्म्याविषयीचा विस्तार ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत आला, आणि त्यामागे बेसिल आणि दोन ग्रेगरी या कप्पदुकियाच्या धर्मपंडितांची वर्षानुवर्षांची मेहनत होती.

मधली छप्पन्न वर्षे विसरली जातात, म्हणून ही कथा खपते. सम्राटाच्या हुकमाने प्रश्न मिटला असता, तर नायसियाच्या बाजूने झुंजणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले नसते. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्यूपूर्वी बाप्तिस्मा घेतला तो निकोमेदियाच्या युसेबियसच्या हातून, आणि हा युसेबियस पुत्राला निर्मित मानणाऱ्या एरियसचा पाठीराखा होता.

एरियसलाही खलनायक करून मोकळे होऊ नये. अलेक्झांड्रियाचा हा धर्मगुरू देवाचे एकत्व जपायला धडपडत होता. पुत्रही पित्याइतकाच अनादी असेल तर दोन मूळ उगम होतील, ही त्याची भीती. म्हणून त्याने पुत्राला सर्व निर्मितीत पहिला आणि श्रेष्ठ मानले, पण निर्मितच मानले. अथनेशियसचे उत्तर असे, की जो स्वतः निर्मित आहे तो निर्मितीला तारू शकत नाही. आणि ख्रिस्ती लोक तर पहिल्यापासून पुत्राची उपासना करत आले आहेत. पुत्र देव नसेल तर ती उपासना मूर्तिपूजाच ठरेल. माझ्या मते या वादाचा जीव इथे आहे. एक आणि तीन या आकड्यांची फोड करत बसणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

वचनावर वचन फेकणे

"पिता माझ्यापेक्षा थोर आहे" (योहान १४:२८) असे एकाने म्हणायचे आणि "मी आणि पिता एक आहोत" (योहान १०:३०) असे दुसऱ्याने. चौथ्या शतकातही दोन्ही बाजू बायबलच वाचत होत्या. प्रश्न वचन कोणाकडे आहे हा नसून, एका वचनाच्या उजेडात दुसरे कसे वाचायचे हा असतो. त्यामुळे समोरच्याला त्याचे अडचणीचे वचन विचारण्याआधी आपल्या अडचणीच्या वचनाला आपल्या परंपरेने काय उत्तर दिले आहे ते माहीत करून घ्यावे.

एक वचन मात्र वापरूच नये. योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) स्वर्गात साक्ष देणारे "पिता, शब्द आणि पवित्र आत्मा" असे तिघे काही जुन्या भाषांतरांत दिसतात. ते शब्द प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत ते गाळले होते आणि १५२२ मध्ये दडपणाखाली घातले. त्रैक्य त्या ओळीवर उभे नाही.

सगळ्यांना एकाच माळेत ओवणे

यहोवाचे साक्षीदार त्रैक्य नाकारतात. त्यांच्या मते येशू ही देवाची पहिली निर्मिती आणि पवित्र आत्मा ही देवाची कार्यशक्ती. वन्नेस पेंटेकोस्टल मंडळ्याही त्रैक्य नाकारतात, पण अगदी उलट्या बाजूने. त्या येशूला पूर्ण देव मानतात, इतका की पिता आणि आत्मा ही त्याचीच प्रकटने ठरतात. या मंडळ्या बाप्तिस्माही केवळ येशूच्या नावाने देतात. मॉर्मन मंडळी तिघांना हेतूने एक पण तीन वेगळी अस्तित्वे मानतात. खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंह यांनी १८८७ साली युनिटेरियन (देव एकच व्यक्ती मानणारी) मंडळी सुरू केली, तिचा मार्ग आणखी निराळा. चौघांना एकच उत्तर दिले, तर ते एकालाही लागू पडणार नाही. पेंटेकोस्टल म्हणजे वन्नेस असेही नाही. बहुसंख्य पेंटेकोस्टल त्रैक्यवादी आहेत, आणि असेंब्लीज ऑफ गॉडने तर १९१६ साली याच मुद्द्यावर वन्नेस गटाशी फारकत घेतली.

उलट चूकही होते. ज्यांच्यात त्रैक्यावरून वाद नाही, त्यांच्यावर तो लादला जातो. मुंबई-पुण्यातल्या, मूळ केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स बांधवांची परंपरा ४५१ च्या खाल्सेदोनच्या परिषदेपासून वेगळी झाली, ती ख्रिस्तातल्या देवत्व आणि मनुष्यत्व यांच्या संबंधावरून. त्रैक्य ते आपल्यासारखेच मानतात. फरक एवढाच, की आत्मा "पित्यापासून" निघतो असे ते म्हणतात, आणि वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये "पिता व पुत्र यांच्यापासून" असे म्हटले जाते. हा "व पुत्र" स्पेनमधून आला. तिथल्या व्हिसिगॉथ राजांनी एरियसचे मत सोडल्यावर ५८९ च्या टोलेडो परिषदेत पुत्राच्या समानतेवर भर दिला गेला, आणि ही भर तिथून पसरत गेली. पोप तिसरा लिओ याला ती शिकवण मान्य होती, तरी त्याने रोममध्ये चांदीच्या पत्र्यांवर विश्वासांगीकार कोरून लावला तो मूळ रूपातच. रोमच्या उपासनेत हे शब्द १०१४ साली आले. पौर्वात्य चर्चची तक्रार आजही दुहेरी आहे: सर्वांनी मिळून ठरवलेला मजकूर एका बाजूने का बदलला, आणि पिता हाच एकमेव उगम असताना दुसरा कशाला? यात त्यांची बाजू मला वजनदार वाटते.

त्रिमूर्तीशी जोड

मराठी घरात ही जोड आपोआप येते. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामे वाटलेली आहेत. ख्रिस्ती शिकवणीत निर्मिती हे तिघांचे एकच कार्य आहे. जोड लावल्याने दोन्ही कल्पनांचा आकार बिघडतो. बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ साली संस्कृत स्तोत्र रचले, तेव्हा त्यांनी त्रिमूर्ती बाजूला ठेवून सच्चिदानंदाची कल्पना घेतली. ती निवड विचारपूर्वक होती.

शंकेला अश्रद्धा समजणे

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य यांविषयी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी परखड पत्रव्यवहार केला. सिस्टरना त्या प्रश्नांत अहंकार दिसला. बीलबाईंनी ते प्रश्न म्हणूनच घेतले आणि उत्तरे दिली. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल मराठीत आणले. वर्गातल्या मुलाने असे काही विचारले, तर "हे गूढ आहे, विश्वास ठेव" म्हणून त्याला खाली बसवू नये. उत्तर लगेच सुचत नसेल, तर पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हणावे, आणि खरोखर घेऊन यावे.