माग बंद पडल्यागत वाटतोय

कलामहाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत इचलकरंजीला घरी आले आणि कोळशानं मागांची चित्रं काढायला बसले. आमच्या शेडमध्ये चार साधे यंत्रमाग होते. आप्पा ते चालवायचे, आई शेजारी कांड्या भरायची, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायची. आप्पा पाळी संपवून आले, हात पुसत कागदासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चित्र झ्याक आलंय पोरी. पण माग बंद पडल्यागत वाटतोय."

त्या वाक्यापाशी माझी फक्त चित्रकार असण्याची वर्षं संपली. आप्पा बरोबर होते. साध्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तिथं माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

"मला पेंटिंग, व्हिडिओ, साउंड, इन्स्टॉलेशन म्हणजे मांडणी, सगळंच करायचंय, सुरुवात कशानं करू?" असं नवी मुलं विचारतात. माझं म्हणणं इतकंच की माध्यमापासून सुरुवात करू नका. जो विषय तुम्हाला सोडत नाही तो धरा आणि हातात असलेल्या माध्यमात त्याच्याशी झटा. ते माध्यम कुठं अपुरं पडतं ते समजलं की पुढचं माध्यम शोधणं भागच पडतं. आधीच पाच माध्यमं गोळा केलेल्या मुलांचं काम मी पाहिलंय. त्यात कौशल्य दिसतं, गरज दिसत नाही.

आवाज पकडणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर नुसती खरखर आली, कारण इतक्या गोंगाटात फोनचा माइक आवाज दाबतो आणि तो फाटतो. मग कंपनं पकडणारी पिझो चकती वायरला डाखून एक स्वस्त काँटॅक्ट माइक बनवला आणि मागाच्या सांगाड्यालाच चिकटवला. हवेतला गोंधळ गेला, लोखंडातून जाणारा ठोका आला. पुढं प्रदर्शनाच्या खोलीत चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले, एकेका मागाचा एकेक. आप्पा आले, मधे उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "डावीकडच्या मागाचा पट्टा ढिला झालाय." माझ्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी दाद मी हीच मानते.

या काळात मला आधार होता तो प्रभाकर पाचपुतेंच्या कामाचा. त्यांचा जन्म 1986 चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणींच्या गावातला. शिकले शिल्पकला, छत्तीसगडमधल्या खैरागढला आणि मग बडोद्याला. काम मात्र उभं राहिलं कोळशाच्या भिंतभर रेखाटनांतून, ॲनिमेशनमधून, शिल्पांतून. खाणीतल्या माणसाचं चित्र कोळशानंच काढायचं, यात माध्यम आणि विषय वेगळे उरतच नाहीत. 2021 साली वेल्समधला आर्तेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय कला पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यात ते होते. नलिनी मलानींचं कामही जरूर अभ्यासा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून त्या फिल्म, व्हिडिओ, सावल्यांच्या मांडणीपर्यंत गेल्या, आणि 1992 मध्ये मुंबईत त्यांनी गॅलरीच्या भिंतीवरच चित्रं काढली, जी प्रदर्शनानंतर उरणारच नव्हती. इतकं माध्यम बदललं तरी दोघांचं रेखाटन सुटलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी स्वतः रोज सकाळी तासभर रेखाटते. कोळशाचं ॲनिमेशन करायला घेतलं तेव्हा ती सवयच कामी आली. सेकंदाला बारा फ्रेम धरल्या तर मिनिटाला 720. तोच कागद पुसायचा, थोडं बदलायचं, फोटो घ्यायचा. पुसलेल्या रेषेची सावली कागदावर राहते आणि पडद्यावर धोट्यामागं धुरासारखी ओढली जाते. हे ठरवून सुचलं नसतं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा शाळेतच देऊन टाका. बारावीनंतर बी.एफ.ए. या कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. तिच्यात स्थिरवस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. स्मरणचित्राला लोक फार हलकं घेतात. बाजारात, एसटी स्टँडवर उभं राहून बघा आणि घरी येऊन काढा.

आता जे मला कुणी सांगितलं नाही ते. चौदा महिन्यांचं रेकॉर्डिंग मी एकाच हार्डडिस्कवर ठेवलं होतं. ती पडली आणि सगळं गेलं. त्यातले दोन माग तोवर भंगारात गेले होते, म्हणजे तो आवाज आता कुठंच नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. दुसरं, एका गॅलरीनं तोंडी बोलीवर काम नेलं आणि बसवणीचा, परतीच्या वाहतुकीचा खर्च माझ्याच माथी आला. तेव्हापासून मी होकार देण्याआधी मानधन, साहित्य, प्रवास, बसवणी आणि परतवणी असे पाच आकडे ईमेलवर लिहून घेते. भिंतीवरचं चित्र शेवटी पांढऱ्या रंगाखाली जातं, म्हणून त्याचे मोजमापासह फोटो आणि त्यावरचा आपला हक्क हेच आपल्या हाती उरतं. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, तो लेखी द्यावा लागतो. मात्र कुणी पैसे देऊन मुद्दाम करून घेतलेल्या चित्राला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात वेगळा नियम आहे, तिथं आधीच करार करा.

पोट कशावर चालतं? माझं शिकवण्यावर. आठवड्यातले तीन दिवस मुलांना ड्रॉइंग शिकवते, चार दिवस माझं काम. मांडणी विकली जात नाही, रेखाटनं विकली जातात. अनुदानासाठी बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्थांकडे अर्ज करावा. अर्जात "समकालीन वास्तवाचा शोध" असलं काही लिहू नका. कुठली शेड, कोणती पाळी, काय रेकॉर्ड करणार, ते लिहा.

आमच्या शेडमधले शेवटचे दोन माग गेल्या पावसाळ्यात विकले. हल्ली दुपारी आप्पांना उरलेली रेकॉर्डिंगं ऐकवते. ते प्रत्येक आवाजाचं नाव सांगतात, कधी कधी दोन नावं सांगून त्यांतलं कुठलं बरोबर यावर आईशी वाद घालतात. मी वहीत लिहून घेतेय. याचं पुस्तक होईल, की भिंत, की नुसतं ऐकणं, ते अजून ठरलेलं नाही.