साठ पुस्तकांची पोलिसी मालिका वाचायला घ्यायची, तर कशी घ्यावी

1995 साली या मालिकेतलं पहिलं पुस्तक, ‘नेकेड इन डेथ’, आलं. तेव्हापासून जे. डी. रॉब वर्षाला साधारण दोन पुस्तकं लिहीत आल्या आहेत आणि आकडा आता साठीच्या पुढे गेलाय. (हे टोपणनाव. खऱ्या त्या अमेरिकी कादंबरीकार नोरा रॉबर्ट्स; ‘जे’ आणि ‘डी’ ही त्यांच्या दोन मुलांची आद्याक्षरं.) दुकानात यातलं एखादं चाळून परत ठेवणारे पुष्कळ, कारण बहुतेक नावांच्या शेवटी तेच ते ‘इन डेथ’. धागा कुठून धरायचा, कळत नाही.

मी चुकीच्या टोकाने धरला होता. रद्दीच्या दुकानात मधलंच एक मिळालं, दोन रात्रींत वाचलं. खुनी सापडला, पुस्तक संपलं. पण ही माणसं एकमेकांना टोमणे मारून एवढी खूश का होतात, ते काही उमगलं नाही. लग्नाच्या घरी शेवटच्या पंगतीला पोचल्यासारखं झालं.

सुरुवात पहिल्यापासूनच करा

काळ 2058, शहर न्यूयॉर्क. लेफ्टनंट ईव्ह डॅलस खुनांचा तपास करते. सिनेटरच्या नातीचा खून होतो. ती परवाना घेऊन देहविक्रय करणारी, कारण या जगात तो कायदेशीर व्यवसाय आहे. खून पिस्तुलाने झालेला, आणि पिस्तूल ही तोवर संग्राहकांच्या कपाटात ठेवायची चीज झालेली. त्यामुळे संशय जातो रोर्कवर. डब्लिनच्या गल्लीत वाढलेला, आता गडगंज श्रीमंत आणि जुन्या शस्त्रांचा शौकीन. पुढे तोच तिचा नवरा होतो. हे सांगून मी रहस्य फोडत नाहीये. नंतरच्या कुठल्याही पुस्तकाचं मलपृष्ठ पाहा, तिथे हे असतंच.

पहिलं पुस्तक जरा खडबडीत आहे. रोर्कचा तोरा सुरुवातीला डोक्यात जातो. तरी नेटाने पुढे जा.

भविष्यकाळ कॉफीतून वाचा

विज्ञानकथेची अपेक्षा ठेवून बसाल तर हिरमोड होईल. यंत्रमानव आहेत, उडत्या गाड्या आहेत, बटण दाबलं की जेवण देणारा ‘ऑटोशेफ’ आहे, परग्रहावरच्या वसाहतीही आहेत. पण यातलं काही कसं चालतं ते समजावून सांगायच्या फंदात लेखिका पडत नाही. जग कळतं ते बारीकसारीक गोष्टींतून. खरी कॉफी ही इथे श्रीमंतांची चैन. बाकीच्यांच्या नशिबी नकली काढा आणि हातगाडीवरचे सोयाचे सॉसेज. रोर्क ईव्हवर पहिली छाप पाडतो ती हिऱ्यांनी नाही, खऱ्या कॉफीने. पहिला घोट घेतल्यावर तिचं काय होतं, ते सावकाश वाचा.

त्याच पुस्तकात तिच्या जाकिटाचं एक बटण तुटून त्याच्या गाडीत पडतं. तो ते खिशात टाकतो. वाचताना वाटतं, असेल काहीतरी. पण ते बटण पुढच्या पुस्तकांतही त्याच्या खिशात असतं आणि काळजीत असला की त्याची बोटं त्याच्याशी चाळा करतात. मधलं पुस्तक उचलणाऱ्याला हे नुसतं बटण. क्रमाने आलेल्याला ती सगळी ओळख आठवते. माझं पहिल्या वेळी नेमकं हेच हुकलं होतं.

खुनी ओळखायच्या मागे लागू नका

पुष्कळदा तो आपल्याला ईव्हच्या आधीच ठाऊक असतो. काही वेळा तर त्याच्याच डोक्यात शिरून सुरुवात होते. गंमत आहे ती त्याला घेरण्यात. घरच्या कामाच्या खोलीत फळ्यावर मृतांचे फोटो लावायचे, रात्री उशिरापर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचं, आणि शेवटी चौकशीच्या खोलीत समोरच्याच्या गर्वाला फुंकर घालून त्याच्याच तोंडून सगळं वदवून घ्यायचं. या मालिकेतला खरा थरार त्या खोलीतला. तिथली पानं झोपेच्या डोळ्यांनी वाचू नका.

माणसांवर नजर ठेवा

बाहेर तीस वर्षं उलटली, पण कथेत जेमतेम तीन-साडेतीन वर्षं सरली आहेत. त्यामुळे माणसं एकदम पालटत नाहीत, घरातल्यासारखी हळूहळू बदलतात. ईव्हची सहकारी पीबडी दुसऱ्या पुस्तकात गणवेशातली पोलीस म्हणून येते; ती डिटेक्टिव्ह होते 2003 च्या ‘इमिटेशन इन डेथ’मध्ये. तोवर तिची धडपड आपण इतकी पाहिलेली असते की तिच्या परीक्षेचं टेन्शन आपल्यालाच येतं. घराचा कारभारी समरसेट आणि ईव्ह यांचं दारातलं भांडण, पहिल्याच तपासातून घरी आलेला गॅलाहॅड बोका, ऑफिसात लपवलेली चॉकलेटं पळवणारा चोर: हे दर पुस्तकात चवीपुरतं येतं. वाचक परत परत येतात ते यासाठी. खून हे भेटीचं निमित्त.

एक मात्र आधीच सांगायला हवं. आठ वर्षांची असताना ईव्ह टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या एका बोळात मोडक्या हाताने सापडली होती. स्वतःचं नावही तिला आठवत नव्हतं, म्हणून शहराचंच नाव मिळालं. त्याआधी तिच्यावर काय गुदरलं ते स्वप्नांतून, तुकड्या-तुकड्याने येतं, आणि ते भयंकर आहे. बालअत्याचाराचे तपशील सोसत नसतील तर ही मालिका सोडून द्या. शृंगाराची वर्णनंही मोकळी आहेत. ती पानं उलटली तरी तपासाचा धागा सुटत नाही.

साठ वाचायचं बळ नसेल तर

पहिली तीन सलग वाचा, म्हणजे माणसं आणि लग्न दोन्ही मार्गी लागतात. मग सरळ 2005 च्या ‘सर्व्हायव्हर इन डेथ’वर उडी मारली तरी चालेल. नऊ वर्षांची निक्सी मध्यरात्री गुपचूप स्वयंपाकघरात नारंगी पेय घ्यायला जाते, आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्यांचे गळे चिरले जातात. या पोरीशी बोलताना ईव्हचे शब्द अडखळतात. का, ते एव्हाना तुम्हाला कळलेलं असेल. 2011 चं ‘न्यूयॉर्क टू डॅलस’ मात्र एवढ्या बळावर उघडू नका. ईव्ह त्यात त्या शहरात परत जाते; त्याआधी निदान दहा-बारा पुस्तकं तिच्यासोबत काढलेली असू द्या.