व्हे प्रोटीन घेताय, तरी वजन उतरत नाही? आधी ग्लासात काय आहे ते बघा

बरेच जण व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर, फुल क्रीम दुधात, वर केळं घालून घेतात. एक स्कूप, म्हणजे डब्यातला मापाचा चमचा, साधारण १२० कॅलरीचा, पण असा ग्लास सहज ४०० च्या पुढे जातो. मग वजन कसं उतरणार?

१. डब्यातला चमचा एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. शीग लावून भरला की ३० ग्रॅमचे ४० होतात. माझे तसेच व्हायचे.

२. दुधाऐवजी गार पाणी. शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर; उलट केलं की तळाला गोळे चिकटतात. पावडर बिनचवीची असेल तर पातळ ताक, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ. मला हेच सगळ्यात आवडतं.

३. वेळ संध्याकाळी पाच-सहाची, वडापाव-फरसाणाकडे हात जातो तेव्हाची. शेक त्या खाण्याच्या जागी घ्यायचा. वर आणखी खाणं नको.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि ‘फॅट बर्नर’च्या गोळ्यांच्या नादी तर कृपा करून लागूच नका.